अरुणभाऊंचा सूर्य

अरुण खानझोडे यांना ‘मला माहीत नाही’ असं म्हणताना न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेत कुणी ऐकलेलं नव्हतं. रस्ता चुकला तर ते चुकत नसत, शॉर्टकट घेत. कुणाच्या घरी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की ते पंपाआधी पोचत आणि बिल्डरनं नेमकं कुठं मार खाल्लाय ते दारातूनच सांगत. दहांतल्या सहा वेळा ते बरोबर असत. उरलेल्या चार वेळा परिस्थिती चुकलेली असे.

अरुणभाऊ मूळचे नागपूरचे. सत्त्याण्णव साली ते वायटूकेच्या कामासाठी आले. दोन हजार साल उजाडताच जगभरचे कम्प्युटर कोलमडणार या भीतीवर आमच्या पिढीचं निम्मं पोट भरलं. कम्प्युटर काही कोलमडले नाहीत, आम्हीच कोलमडलो. दोन हजार एकमध्ये माझ्या नवऱ्याची, संजयची, नोकरी गेली, व्हिसा टांगणीला लागला आणि मी स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायला घेतली. शेजारचे अरुणभाऊ आले, त्यांनी खोकं उलटं केलं आणि एकेक पातेलं परत फळीवर लावत म्हणाले, “वहिनी, मार्चपर्यंत लागते संजयला नोकरी. मी सांगून राहिलो नं.”

नोकरी मे महिन्यात लागली. अरुणभाऊंचं म्हणणं, मे म्हणजे मार्चच. हसा तुम्ही, पण त्या दिवसांत आमच्या घरात ठामपणे बोलणारा तेवढा एकच माणूस होता आणि त्याच्या बोलण्यावर आम्ही जेवलो, झोपलो, उठलो. म्हणून पुढं कुणी त्यांची टिंगल केली की मीही त्यात सामील व्हायचे, पण शेवटचं वाक्य त्यांच्या बाजूनं बोलायचे. शिवाय मला गाडी त्यांनीच शिकवली. मलाच काय, एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्यामागून, आलेल्या निम्म्या बायकांना त्यांनी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवून लायसन्स मिळवून दिलं. “घाबरून नका राहू, ब्रेक आहे नं,” असं म्हणत ते शेजारी बसत. त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

अशा माणसाच्या घरात रुचासारखी मुलगी जन्माला आली. दहा वर्षांची असताना इथं आली, चारचौघांत कमी बोलायची, पण बोलली की विचार करून. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉलेजात कम्प्युटर सायन्सला गेली. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिनं ते सोडलं आणि अँथ्रोपॉलॉजी घेतलं, म्हणजे माणसांच्या जुन्या वस्त्या, हाडं, खापऱ्या, दगड. अरुणभाऊंनी तिला घरात जे ऐकवलं ते ऐकवलंच, पण दिवाळीच्या पार्टीत, वीस माणसांच्या समोर, हातात चिवड्याची बशी घेऊन ते म्हणाले, “चार महिन्यांत परत येते कम्प्युटरला. लिहून घ्या. ज्या विषयात प्रोफेसर लोकच ‘वी डोन्ट नो’ म्हणतात, तो काय विषय आहे?”

रुचा जिन्यात उभी होती. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली ती बाबांशी बोलायची थांबली. आईला, पद्मजाला, रोज फोन यायचा. अरुणभाऊंनी उचलला तर पलीकडून एकच वाक्य यायचं, “कॅन यू गिव्ह इट टू मम्मा?” अरुणभाऊ निमूट फोन द्यायचे आणि गॅरेजमध्ये जायचे. वर्षभर हे चाललं. गॅरेज इतकं स्वच्छ पिस्कॅटवेत दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात कॉलेजला महिनाभर सुट्टी लागली, तरी रुचा घरी आली नाही. न्यू हॅम्पशरमध्ये एका टेकडीवर जुनं दगडी बांधकाम आहे, तिथं तिनं सुट्टीपुरती गाइडची नोकरी धरली. मोठमोठ्या शिळा रचून केलेल्या बुटक्या खोल्या आणि मोकळ्या माळाच्या कडेनं उभे केलेले दगड. कुणी म्हणतं चार हजार वर्षांपूर्वीचं देऊळ, कुणी म्हणतं दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची भाज्या ठेवायची तळघरं. गेटवरच्या पाटीतही ‘टेम्पल’च्या पुढं प्रश्नचिन्ह होतं. पद्मजानं हे सगळं मला रडत रडत सांगितलं. तिला दगडांशी देणंघेणं नव्हतं. पोरगी नाताळात घरी नव्हती, एवढंच तिला कळत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मराठी मंडळाच्या कमिटीची मीटिंग झाली. मी सेक्रेटरी होते. आमची संक्रांत दरवर्षी शाळेच्या कॅफेटेरियात व्हायची. बायकांचं हळदीकुंकू, पुरुषांचं क्रिकेट आणि मुलांचं कॉरिडॉरमध्ये तोंड पाडून बसणं. अरुणभाऊ उभे राहिले.

“या वर्षी संक्रांत शनिवारी आहे. आपण बस करायची. न्यू हॅम्पशरला चार हजार वर्षांचं देऊळ आहे. तिथं एक दगड असा उभा केला आहे, की हिवाळ्यात सूर्य वळतो त्या दिवशी बरोबर त्याच्या डोक्यावर उगवतो. सूर्य कधी वळतो? संक्रांतीला. मग त्या दिवशी आपण तिथं नसायचं तर काय कॅफेटेरियात समोसे खात बसायचं?”

कमिटीत दोन पीएचडी होते, त्यातला एक फिजिक्सचा. कुणी हूं की चूं केलं नाही. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं हे आम्ही सगळ्यांनीच शाळेत घोकलेलं. उलट ‘काय आयडिया आहे यार’ म्हणून टाळ्या पडल्या.

मीटिंगनंतर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. “अरुणभाऊ, हा सगळा खटाटोप रुचासाठी आहे ना?”

“मंडळासाठी आहे.”

“मला नका सांगू. सरळ जाऊन भेटा की पोरीला. तीस माणसं कशाला?”

ते गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, एकटा गेलो अन् ती नाही बोलली, तर मी परत कसा येऊ? माणसं असली की बस तर भरलेली राहते. अन् संक्रांतीला तिळगूळ दिला की बोलावंच लागते. तसा नियमच आहे.”

या माणसाला कशाची भीती वाटू शकते हे मला पहिल्यांदाच दिसलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. बसमध्ये माइक होता आणि तो अर्थातच अरुणभाऊंच्या हातात होता. कनेक्टिकट संपेपर्यंत त्यांनी आम्हाला जगातल्या मोठमोठ्या दगडांची माहिती दिली. “आमच्या नागपूरजवळ, काटोल रोडला, जुनापाणीला जा. असली दगडांची वर्तुळं पडली आहेत. लहानपणी आम्ही त्यात बसून बोरं खात होतो. अन् हे लोक इथं तिकीट लावतात, बाप्पा!” सगळे हसले. पद्मजा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता, तो तिनं वर ठेवू दिला नाही.

रात्री मोटेलात मुक्काम केला आणि सकाळी उजाडायच्या आत टेकडीखाली पोचलो. थंडी अशी, की नाकातला श्वास नाकातच गोठावा. संक्रांत म्हणून बायकांनी काळ्या साड्या नेसलेल्या, वर फुगीर जॅकेटं, खाली बर्फाचे बूट. तीस माणसांची ती वरात पायवाट चढून माळावर आली, तेव्हा समोर हिरव्या जॅकेटमध्ये, छातीवर नावाची पट्टी लावून, हातात टॉर्च घेऊन रुचा उभी होती.

तिला ग्रुप येणार हे माहीत होतं. न्यू जर्सीहून तीस माणसं, चौदा जानेवारी, सूर्योदयाची वेळ, एवढं तिच्या मालकानं सांगितल्यावर बुकिंग कुणाचं हे तिनं ओळखलं असणार. या दिवशी का, हे मालकाला विचारावंसं वाटलं होतं म्हणे, पण फोनवर अरुणभाऊंनी त्याला मध्ये बोलायला फट ठेवली नव्हती.

“गुड मॉर्निंग, एव्हरीवन. माय नेम इज रुचा, अँड आय विल बी युवर गाइड,” ती म्हणाली. तिला परकर-पोलक्यात गॅदरिंगला नाचताना पाहिलेली आम्ही माणसं. दोघीतिघींना हसू आलं. ती स्वतःही हसली, आईला घट्ट मिठी मारली, मला म्हणाली, “हाय आसावरी मावशी.” बाबांकडे बघून तिनं मान हलवली. सिक्युरिटीवाला आयकार्ड बघून हलवतो तेवढी. अरुणभाऊंनीही मान हलवली आणि हातमोजे काढून परत घातले.

तिनं आम्हाला आधी शिळांच्या खोल्या दाखवल्या. फार छान सांगत होती. आवाज मोठा नाही, पण मागच्यापर्यंत पोचत होता. संजयनं विचारलं, एवढी शिळा वर कशी चढवली असेल? “लाकडी ओंडके, दोर, आणि बरीच माणसं, असं एक मत आहे. बट वी डोन्ट नो.” कुणीतरी विचारलं, पूजा कशाची करत असतील? “इफ दे डिड. वी डोन्ट नो दॅट आयदर.”

प्रत्येक ‘डोन्ट नो’ला मी अरुणभाऊंकडे बघत होते. तिसऱ्यांदा त्यांना राहवलं नाही. “मी सांगतो. आमच्या जुनापाणीला...” आणि ते दोन मिनिटं बोलले. रुचानं त्यांना थांबवलं नाही. हात जॅकेटच्या खिशात घालून ती त्यांचं संपायची वाट बघत राहिली. संपल्यावर ती आमच्याकडे वळून म्हणाली, “ओके. नेक्स्ट.” मला पद्मजाचा हात माझ्या दंडावर घट्ट झाल्याचं जाणवलं. इतकं सगळं करून हा माणूस पुन्हा तिथंच येऊन पडणार, असं आम्हा दोघींनाही दिसत होतं.

मग आम्ही माळाच्या मध्यावर आलो. आग्नेयेला, उतार संपतो तिथं, पुरुषभर उंचीचा एक टोकदार दगड उभा होता. त्याच्या पलीकडे नुसत्या टेकड्या. आकाश तांबूस व्हायला लागलं होतं. अरुणभाऊंनी ताबा घेतला. उंच माणसं मागं, मुलं पुढं, कॅमेरे तयार, सगळ्यांची तोंडं त्या दगडाकडे. “बरोबर टोकावर येते सूर्य. टोकावर! डोळे नका हलवू.” तीस माणसं श्वास रोखून दगडाकडे टक लावून उभी राहिली. फिजिक्सवाल्या देशपांड्यांनी ट्रायपॉड लावला.

रुचा बाजूला उभी होती. तिनं आकाशाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. गप्प राहिली असती तरी काम झालंच असतं. सूर्य उगवला असता, बाबांचं हसं झालं असतं, दिवाळीची फिट्टंफाट झाली असती. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर गप्प राहिले असते.

“बाबा,” ती म्हणाली.

अरुणभाऊ जागच्या जागी वळले.

“बाबा, इट्स द राँग डे.”

“काय?”

“सॉल्स्टिस झाला. ट्वेंटी-फर्स्ट डिसेंबरला. सूर्य तेव्हाच वळला. आता तो इथून नाही येणार.”

“पण संक्रांत तर आज आहे,” मागून कुणीतरी कळवळून म्हणालं.

“हो, पण आपली संक्रांत राशीवर चालते, काका. सूर्य मकर राशीत जातो तो दिवस. पूर्वी ते दोन्ही दिवस एकच होते. मग हळूहळू सरकत गेले.” ती मराठीत बोलत होती, शब्द शोधत, पण मराठीत. “म्हणजे तुम्ही लोक साधारण सेव्हन्टीन हंड्रेड इयर्स लेट आहात.”

“मंडळाचा आजवरचा रेकॉर्ड!” संजय म्हणाला आणि एकच हशा पिकला. फिजिक्सवाले गृहस्थ “अरे हो, ते आहे खरं” असं पुटपुटत कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये शिरले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मला हसू आलं नाही. मी अरुणभाऊंकडे बघत होते. त्यांचं उत्तर मला पाठ होतं. ते म्हणणार, दगड हलवलाय कुणीतरी. किंवा, कॅलेंडर चुकलंय. ते म्हणाले की रुचा परत खिशात हात घालणार, आणि पाच तास बसमध्ये पद्मजाकडे बघायचं कसं, हे मी आतापासूनच ठरवत होते. अरुणभाऊंनी दगडाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

“मग आज कुठून येते तो?” त्यांनी विचारलं.

तिला वाटलं ते वाद घालतायत. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. वाद नव्हता. माणूस खरंच विचारत होता.

मग ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. हात लांब केला, एक डोळा मिटला आणि दगडाच्या डाव्या बाजूला दोन बोटं उभी धरली. “तो टॉवर दिसतो?” पलीकडच्या टेकडीवर मोबाइल कंपनीचा मनोरा होता, पाइनच्या झाडासारखा दिसावा म्हणून त्याला प्लास्टिकच्या फांद्या लावलेल्या. “त्याच्या थोडंसं लेफ्टला. अजून पाचेक मिनिटं.”

अरुणभाऊ गर्रकन आमच्याकडे वळले. “चला! सगळ्यांनी तोंडं तिकडं करा! दगड सोडा. टॉवर पाहा, टॉवर! देशपांडे, तो ट्रायपॉड उचला तिथून.”

“भाऊ, आता तरी नक्की ना?” कुणीतरी खवचटपणे विचारलं.

“रुचानं सांगितलं आहे,” अरुणभाऊ म्हणाले. “लिहून घ्या.”

आवाज तोच होता. खोकं उलटं करून माझी पातेली फळीवर लावतानाचा.

आम्ही तीस माणसं, काळ्या साड्या नेसून, टोप्या घालून, एका खोट्या झाडाकडे भक्तिभावानं बघत उभे राहिलो. आणि सूर्य आला. टॉवरच्या किंचित डावीकडे, जिथं सांगितला तिथं. आधी एक लाल रेघ, मग कड, मग बर्फावर एकदम गुलाबी उजेड पसरला. अरुणभाऊंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हातमोज्यांमुळे त्यांचा आवाजही येत नव्हता. “पाहिलं?” ते प्रत्येकाला म्हणत होते, एकेकाचा खांदा धरून. “दोन बोटं धरली अन् सांगितलं. पाहिलं तुम्ही?” ज्यानं पाहिलं नव्हतं असा माळावर एकही माणूस नव्हता, तरी ते सगळ्यांना विचारून आले.

रुचाचा चेहरा लाल झाला होता. थंडीनं म्हणायचं असेल तर म्हणा.

मग तिळगुळाची वेळ झाली. पद्मजानं डबा अरुणभाऊंच्या हातात दिला आणि स्वतः मुद्दाम चार पावलं लांब गेली. हातमोज्यांनी झाकण निघेना. रुचानं डबा घेतला, झाकण काढलं आणि परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी लाडू पुढं केला, पण त्याबरोबर जे म्हणायचं असतं ते काही त्यांना म्हणता आलं नाही. नागपूरपासून न्यू हॅम्पशरपर्यंत कधी न अडलेली जीभ नेमकी तिथं अडली. तिनं लाडू घेतला, वाकून नमस्कार केला आणि दातांनी तोडायचा प्रयत्न केला.

“बाबा, हा खूप कडक झालाय.”

“मी केला आहे,” अरुणभाऊ म्हणाले. “पाक जास्त झाला. चुकलं माझं.”

ती चघळत राहिली. मग ती म्हणाली, “नेक्स्ट वीकेंडला मी घरी येते. आय हॅव थ्री डेज.”

“घ्यायला येऊ?”

“नको. आय विल ड्राइव्ह.”

“हायवेवर बर्फ राहते. एक्झिट आधीच...” ते बोलता बोलता थांबले. “ये. तुला माहीत आहे रस्ता.”

तिची संध्याकाळपर्यंत ड्यूटी होती, म्हणून तिला तिथंच सोडून आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर माइक संजयकडे गेला आणि त्यानं अरुणभाऊंची यथेच्छ चेष्टा केली. सतराशे वर्षं उशीर, टॉवरदेवता प्रसन्न, पुढच्या वर्षी होळी जुलैत. बस हसण्यानं गडगडत होती. अरुणभाऊ पद्मजाच्या शेजारी हात जोडून बसले होते आणि प्रत्येक चेष्टेला खुशाल मान डोलावत होते. पद्मजा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

चहाला थांबलो तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, “अरुणभाऊ, मनाला लावून नका घेऊ. सगळ्यांच्या समोर तुम्हाला चूक म्हणाली, पण...”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला काहीच कळलेलं नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “पोरगी वर्षभरानं माझ्याशी बोलून राहिली होती. सूर्य पश्चिमेकडून येते म्हणाली असती, तरी मी तुम्हा सगळ्यांना तिकडं तोंड करून उभं केलं असतं.”